मे महिन्यातली पाहणी आणि जानेवारीतले पक्षी : एक खुले पत्र

प्रति,
तलावाचा व त्याच्या काठाचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख,
सातारा जिल्हा.

विषय : तलावाच्या पश्चिम काठावर मंजूर झालेले सुशोभीकरणाचे काम, त्याच्या प्रस्तावातील पक्ष्यांविषयीचे विधान आणि येत्या जानेवारीतील पक्षीगणना.

माननीय महोदय,

आमच्या तलावाच्या पश्चिम काठावर फरसबंद पायवाट, बसण्याचे कट्टे, दिव्यांचे खांब आणि बोटींसाठी धक्का बांधण्याचे काम आपल्या कार्यालयाने मंजूर केले आहे. त्या प्रस्तावाची प्रत आम्हाला माहितीच्या अधिकारात मिळाली. तिच्यात पर्यावरणाच्या रकान्यात एकच वाक्य आहे : ‘सदर क्षेत्रात पक्ष्यांचा लक्षणीय वावर आढळून आला नाही.’ वाक्याखाली पाहणीची तारीख आहे आणि ती मे महिन्यातली आहे. त्याच काठावर दर हिवाळ्यात आम्ही गावकरी पाणपक्ष्यांची गणना करतो आणि तिची पत्रके आपल्याच कार्यालयात दाखल करतो. गणना आमच्याकडून करून घ्यायची आणि निर्णय मात्र तिच्याकडे न पाहता घ्यायचा, हे आम्हाला मान्य नाही, आणि तेवढे सांगण्यासाठी हे पत्र आहे.

पत्रात मी कार्यालयाचे, तलावाचे किंवा कोणा अधिकाऱ्याचे नाव लिहिलेले नाही. ज्यांच्या टेबलावर ही फाइल आहे त्यांना ते सांगण्याची गरज नाही. आणि नाव छापून आले की वरिष्ठांना कोणी काही विचारत नाही, आमच्या अर्जावर आवक शिक्का मारणाऱ्या लिपिकाला मात्र खुलासा मागितला जातो, हे आम्ही पाहिले आहे. तो लिपिक आमच्याशी नेहमी सौजन्यानेच वागला आहे. शिवाय साताऱ्यातल्या आणि शेजारच्या सांगलीतल्या दुष्काळी तालुक्यांत असे तलाव अनेक आहेत, तेथेही अशाच पायवाटा होऊ घातल्या आहेत, म्हणून हे पत्र टपालाने पाठवून न थांबता सर्वांसमोर ठेवत आहे.

माझा या तलावाशी संबंध काय, हे आधी सांगते. मी खटाव तालुक्यातली, माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. 1972 च्या दुष्काळात या तलावाच्या बांधाचे काम निघाले, तेव्हा माझ्या सासूबाई त्या कामावर माती वाहत होत्या. सुकडीवर दिवस काढल्याचे त्या अखेरपर्यंत सांगत. घरची काही जमीन पाण्याखाली गेली. उरलेल्या जमिनीतली विहीर याच तलावाच्या पाझरावर तग धरून आहे आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की गाळपेरीसाठी आम्हीही अर्ज करतो. त्यामुळे शहरातून दुर्बीण घेऊन येणाऱ्या आणि गावाला शहाणपण शिकवणाऱ्या मंडळींत कृपया माझी गणना करू नये. गावातल्या चार मुलांना बोटींवर रोजगार मिळणार असेल, तर त्याला आडकाठी करण्याइतकी सुस्थिती या भागात कोणाचीच नाही. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आमच्याकडे 500 मिलिमीटर झाला तर वर्ष बरे गेले असे म्हणतात.

पण याच कोरड्या मुलखामुळे हिवाळ्यात इथे पक्षी येतात, हे आपल्या प्रस्तावात कुठेही नाही. माण-खटावचे तलाव पसरट आणि उथळ आहेत. पावसाळा संपला की पाणी हळूहळू मागे सरकते आणि काठावर ओल्या चिखलाचा, शेवाळाचा, कोवळ्या गवताचा पट्टा उघडा पडत जातो. उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना आणि चिखलपायट्या पक्ष्यांना नेमका तोच लागतो. मायणी आणि येरळवाडी परिसरातल्या तलावांचे पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र राज्य शासनाने 2021 मध्ये घोषित केले ते याच कारणाने. आमचा तलाव त्या हद्दीत येत नाही, हे मला माहीत आहे. मात्र या तलावांमधली अंतरे पक्ष्यांच्या लेखी नगण्य आहेत. एका तलावावर माणसांची वर्दळ वाढली की तिथून उठलेला थवा थोड्या वेळाने दुसऱ्या तलावाच्या फुगवट्यात, म्हणजे पाणी मागे पसरते त्या उथळ भागात, उतरतो, आणि म्हणूनच एका पट्ट्यातल्या सगळ्या तलावांवर एकाच सकाळी मोजणी करावी लागते. नाही तर तेच पक्षी दोनदा मोजले जातात.

ही मोजणी आम्ही आमच्या मनाने काढलेली नाही. दर जानेवारीत, महिन्याच्या मध्याच्या सुमारास, आशियाई पाणपक्षी गणना होते. वेटलँड्स इंटरनॅशनल ही संस्था ती चालवते आणि भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिच्या कामात असते. जागतिक पातळीवर अशी गणना 1967 पासून आणि भारतीय उपखंडात 1987 पासून चालू आहे. जानेवारीच का, याचे कारण सरळ आहे : तोपर्यंत येणारे पक्षी येऊन स्थिरावलेले असतात आणि परतीचा प्रवास अजून सुरू झालेला नसतो. वर्षातल्या याच दिवसांत तलावावर किती पक्षी पोसले जातात याचा विश्वासार्ह अंदाज येतो.

आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत, डाळिंबाचे शेतकरी आहेत, तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुली आहेत, आणि मेंढपाळाच्या घरचा एक मुलगा आहे, ज्याला अंधारातही नुसत्या आवाजावरून कोणते बदक उठले ते सांगता येते. उजाडण्यापूर्वी ठरलेल्या जागी पोहोचायचे; सांडव्याजवळ एक गट, बांधाच्या मध्यावर एक, फुगवट्याच्या दोन्ही अंगांना एकेक. एकाने दुर्बिणीला डोळा लावून बोलायचे, दुसऱ्याने लिहायचे, आणि लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही. लिहायला शिसपेन्सिल, कारण दहिवराने कागद ओलावतो आणि शाई पसरते. मोठा थवा असला तर आधी त्यातले पन्नास पक्षी एकेक करून मोजायचे, ते पाण्याचा केवढा भाग व्यापतात हे नजरेत धरायचे आणि तेच माप थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत सरकवत न्यायचे. मग दुसऱ्याने पहिल्याचा आकडा न विचारता तेच पुन्हा करायचे. दोन आकड्यांत फार अंतर पडले तर तिसरी मोजणी. मध्येच एखादा दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, वरून फिरला की सगळे चांदवे, म्हणजे काळे पाणपक्षी, पाण्यावरून धावत तलावाच्या मध्याकडे जातात, थवा विस्कटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऊन समोरून आल्यामुळे जे बदक ओळखता आले नाही, ते ‘अनोळखी बदक’ या ओळीतच लिहिले जाते. बहुधा थापट्या असेल म्हणून थापट्याच्या ओळीत त्याला कोणी ढकलत नाही. अंदाजाचे गणित मी वर्गात पुष्कळ शिकवले, पण त्यातली शिस्त मला या काठावर जास्त कडक दिसली.

आता तक्रारींकडे येते.

पहिली आणि मुख्य तक्रार पाहणीच्या तारखेची आहे. हिवाळी पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरपासून येऊ लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. पट्टकादंब हे हंसवर्गीय पक्षी हिमालय ओलांडून लडाख, तिबेट, मंगोलियाकडे जातात. चक्रवाकांची वीणही त्याच उंच प्रदेशात होते. तलवार बदक, भुवई बदक, थापट्या, चक्रांग हे सगळे मे उजाडेपर्यंत उत्तरेत पोहोचलेले असतात. अशा महिन्यात, तेही पाहणी अहवालात नोंदल्याप्रमाणे सकाळी साडेअकराच्या पुढे, काठावर जाऊन पक्ष्यांचा वावर नाही असे लिहिणे म्हणजे मे महिन्यात रानात उभे राहून ‘या गावात शाळू पिकत नाही’ असा दाखला देणे होय. महसूल खात्यात असा दाखला कोणी दिला असता तर त्याला काय म्हटले गेले असते, याचा विचार आपणच करावा. मला तर असेही म्हणायचे आहे की, मे महिन्यातही नीट पाहिले असते तर हे वाक्य लिहिता आले नसते. त्या दिवसांत ओसरलेल्या पाण्याच्या कडेला टिटव्या आणि शेकाटे अंडी घालतात. गाळपेरीच्या ढेकळांत टिटवीची अंडी पायाखाली येऊ नयेत म्हणून आमच्या बायका तेवढी जागा सोडून कुळव फिरवायला सांगतात. टिटवी तर माणूस दिसताच डोक्यावर येऊन ओरडते. पाहणी पथकाला ती ऐकू आली नसेल, तर पथक वाहनातून उतरले होते का, अशी शंका येते. ही शंका कठोर वाटत असल्यास पाहणीच्या वेळी काढलेली छायाचित्रे आपण जाहीर करावीत. प्रस्तावाला ती जोडलेली नाहीत.

किती पक्षी असले म्हणजे वावर लक्षणीय धरायचा, याचा कोणताही निकष प्रस्तावात नाही. पाणथळ जागांसाठीच्या रामसर करारात असे निकष आहेत : एखाद्या जागी नियमितपणे 20,000 पाणपक्षी असणे, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या 1 टक्का पक्षी तिथे नियमित असणे. आमचा तलाव त्या मापात बसतो, असा आमचा दावा नाही. परंतु ते माप लावायचे की त्याहून लहान, हे ठरवायलाही आकडे लागतात, आणि ते वर्षानुवर्षांचे लागतात. आकडे होते. ते आपल्याच कपाटात होते.

दुसरी तक्रार याच कपाटाची आहे. प्रत्येक गणनेनंतर आम्ही पत्रकाची एक प्रत आपल्या कार्यालयात देत आलो आणि तिची पोच घेत आलो. आवक क्रमांकांसह त्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत. ही पत्रके द्यावीत, अशी विनंती सुरुवातीला आपल्या कार्यालयाकडूनच आली होती. मंजूर प्रस्तावाच्या फाइलमध्ये मात्र त्यांपैकी एकही कागद नाही. याविषयी विचारणा केली तेव्हा लेखी उत्तर मिळाले की, स्वयंसेवकांच्या नोंदी हौशी स्वरूपाच्या असल्याने त्या विचारात घेतलेल्या नाहीत.

पक्ष्यांच्या मोजणीचा जगातला इतिहास हौशी माणसांनीच घडवलेला आहे. 1900 साली उत्तर अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्षीतज्ज्ञ फ्रँक चॅपमन यांच्या पुढाकाराने, शिकारीच्या चुरशीऐवजी मोजणी करावी म्हणून, 27 माणसांनी 25 ठिकाणी पक्षी मोजले. ती गणना आजही दरवर्षी होते. इतके लांब जायचे नसेल तर आपल्या देशातले पाहावे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल भारतातल्या 942 जातींच्या स्थितीचा आढावा घेतो आणि त्याच्या मुळाशी 30,000 हून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी आहेत. केंद्र सरकारच्या संस्था त्या कामात सहभागी आहेत. नीलपंख, थापट्या, चक्रांग, तुतारी यांसारखे कालपर्यंत सहज दिसणारे पक्षी घटत चालल्याचे देशाला कळले, ते याच हौशी नोंदींमधून कळले. यांतला थापट्या आणि चक्रांग आमच्या पत्रकांत दर हिवाळ्यात आहेत. दिल्लीला आणि डेहराडूनला ज्या प्रकारच्या नोंदी चालतात, त्या तालुक्याच्या ठिकाणी का चालू नयेत, हे मला समजलेले नाही. आमच्या मोजणीत त्रुटी नसतात असे मुळीच नाही. अंदाजाच्या कोणत्याही मोजणीत त्या असतात, आणि म्हणूनच पत्रकावर धुके होते का, पाण्याची पातळी किती होती, कोणत्या गटाने मोजले, हे सगळे लिहिलेले असते. त्रुटी दाखवून आकडा नाकारता येतो. न वाचता नाकारणे वेगळे.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. राज्य शासन 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा करते; मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ते डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस असा तो आठवडा आहे. यंदाच्या सप्ताहात आपल्या कार्यालयाबाहेर जो फलक लागला होता, त्यावर पट्टकादंबांच्या थव्याचे मोठे छायाचित्र होते. ते आमच्याच गटातल्या एका मुलीने याच तलावाच्या याच पश्चिम काठावर काढलेले आहे, आणि आपल्या कार्यालयाने ते रीतसर तिच्याकडून मागून घेतले होते. फलकावर असलेला थवा प्रस्तावात नाही, एवढेच मी नमूद करते.

तिसरी तक्रार कामाच्या जागेची आहे आणि ती जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण कागदावरच्या नकाशात पश्चिम काठ आणि बांधाकडचा काठ सारखेच दिसतात. बांधाच्या बाजूला पाणी खोल आहे आणि काठ दगडी पिचिंगचा आहे. तिथे बुड्या मारणारे पाणकावळे आणि पाणडुबे सोडले तर हिवाळ्यात फारसे कोणी नसते. पश्चिमेला फुगवट्याकडे मात्र जमीन इतकी सपाट उतरते की पाणी हातभर खाली गेले तर काठ कितीतरी पावले मागे सरकतो. थापट्या, चक्रांग, भुवई बदक ही बदके बुडी मारून खाणारी नाहीत. डोके पाण्यात घालून, शेपटी वर करून, मान पोहोचेल तेवढ्याच खोलीवर ती खातात. त्यांच्यासाठी तलाव म्हणजे गुडघाभर पाण्याचा तो पट्टा. बाकीचा विस्तार फक्त विसाव्याचा. चिखल्या आणि तुतारी तर पाणी आणि माती यांच्या सीमेवरच दिवसभर चालत असतात. प्रस्तावित पायवाट नेमकी या पट्ट्यावरून जाते. तिच्यासाठी मुरमाचा भराव टाकून काठ उभा करावा लागणार, आणि काठ उभा झाला की उथळ पाणी उरतच नाही. पायवाटेवर एकही माणूस चालला नाही, तरी नुसत्या भरावाने हे नुकसान होते.

दिव्यांचे खांब हा त्यातला आणखी एक भाग. पुष्कळ बदके दिवसा पाण्यावर झोपलेली दिसतात ती रात्री खायला बाहेर पडतात म्हणून. पट्टकादंबही दिवसा तलावावर विसावतात आणि रात्री शिवारात उतरतात. हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या कोवळ्या पिकात ते उतरले म्हणजे शेतकऱ्याचे नुकसान होते आणि तो आमच्यापाशी येऊन बोलतो, कारण त्याची नोंद घेणारे दुसरे कोणी नाही. पक्षी मोजणाऱ्यांनी ही बाजू लपवू नये असे माझे मत आहे. उलट काठावरचे गवत आणि उथळ पाण्यातले खाद्य भरावाखाली गेले, तर हेच पक्षी अधिक प्रमाणात पिकात उतरतील, हाही मुद्दा पाहणी करणाऱ्यांनी विचारात घ्यायला हवा होता.

गेल्या काही वर्षांत टेंभू, उरमोडी, जिहे-कठापूर यांसारख्या उपसा योजनांमुळे या दुष्काळी पट्ट्यात कृष्णा खोऱ्याचे पाणी येऊ लागले. या पाण्यासाठी इथल्या माणसांनी परिषदा घेतल्या, मोर्चे काढले, हयात घालवली. त्याविरुद्ध एक अक्षरही माझ्या हातून लिहिले जाणार नाही. पण बाहेरच्या पाण्याने भरलेला तलाव हिवाळ्यातही तुडुंब राहतो आणि चिखलाचा काठ उघडा पडायला उशीर होतो, हेही खरे आहे. रोहित पक्ष्यांसारखे उथळ पाण्यात चरणारे पक्षी अशा भरलेल्या तलावावर उतरत नाहीत. तेव्हा जो उथळ काठ अजून शिल्लक आहे तोच फरसबंद करणे कितपत योग्य आहे, हे ठरवण्यापूर्वी किमान दोन बाजू ऐकल्या जाव्यात, ही अपेक्षा फार मोठी नाही.

आपल्या उत्तरात असेही म्हटले आहे की, हा तलाव सिंचनासाठी बांधलेला असल्याने त्याला 2017 चे पाणथळ जागा संवर्धन नियम लागू होत नाहीत. हे बरोबर आहे. सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली जलाशये त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. नियम लागू नाही म्हणजे काळजी घेण्यास मनाई आहे, असा त्याचा अर्थ मात्र होत नाही. जायकवाडी हे सिंचनाचेच धरण आहे आणि 1986 पासून ते पक्षी अभयारण्यही आहे. नांदूर मध्यमेश्वरचे पाणी गोदावरीवरच्या बंधाऱ्याने अडवलेले आहे, आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ तेच ठरले. माणसाने बांधलेल्या पाण्यावरही पक्षी जपता येतात हे आपल्याच राज्याने दाखवलेले आहे. शिवाय 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तलाव कोणी बांधला हे विचारत नाही.

चौथी तक्रार लहान आहे, पण येत्या जानेवारीच्या दृष्टीने तातडीची. काठावर नुकताच ‘समूहाने फिरण्यास व छायाचित्रणास मनाई’ असा फलक लागला आहे. गणनेसाठी परवानगीचा अर्ज आम्ही वेळेत दिला. त्यावर प्रत्येक स्वयंसेवकाची ओळखपत्रे मागितली गेली, ती दिली. मग पोलीस ठाण्याचे पत्र मागितले गेले, तेही दिले. अर्ज अजून विचाराधीन आहे. त्याच काठावर ठेकेदाराचे ट्रॅक्टर आणि जेसीबी आखणीच्या खुणा करत रोज फिरत आहेत. काम सुरू करण्यापूर्वीचा शेवटचा हिवाळा मोजलाच जाऊ नये असा कोणाचा हेतू असेल, असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होणार आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत. प्रस्तावातील पक्ष्यांविषयीचे वाक्य मागे घ्यावे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात किमान दोन वेळा, सकाळच्या वेळी, पक्ष्यांची जाण असलेल्या व्यक्तीला बरोबर घेऊन नव्याने पाहणी करावी. ती होईपर्यंत पश्चिम काठावर भरावाची एकही खेप पडू नये. आमची आजवरची सर्व पत्रके फाइलला जोडावीत आणि आपल्या सूचनाफलकावर तसेच तलावाकाठच्या ग्रामपंचायतींमध्ये लोकांना वाचता येतील अशी लावावीत. त्यांत जे चुकीचे वाटेल ते कारणासह दाखवावे. आम्ही उत्तर देऊ.

पायवाट आणि धक्का रद्दच करावा, अशी आमची मागणी नाही. दोन्ही बांधाच्या बाजूला न्यावीत. तिथे पाणी खोल आहे, रस्ता आहे, एसटीचा थांबा जवळ आहे, आणि भरावाचा खर्च वाचेल तो वेगळा. या भागात तलावात पाणी असते तेव्हाच पक्षी असतात आणि बोटीही तेव्हाच चालणार, त्यामुळे महिने वाटून घेऊन हा प्रश्न सुटणारा नाही. जागाच वाटून घ्यावी लागेल. फुगवट्याकडचा भाग तरंगत्या खुणा लावून नोव्हेंबर ते मार्च बोटींना बंद ठेवावा आणि उरलेल्या पाण्यात वल्ह्याच्या किंवा पायडलच्या बोटी चालवाव्यात, मोटारीच्या नकोत. दिवे लावायचेच असतील तर ते बांधावर, खाली झुकलेले आणि रात्री ठराविक वेळेनंतर बंद होणारे असावेत. बोटी चालवणाऱ्या मुलांनाच पक्षी ओळखायला शिकवायचे असेल तर आमचा गट ते काम विनामूल्य करील; पर्यटकाला थवा दाखवून आणणारी बोट नुसत्या फेरीच्या बोटीपेक्षा जास्त चालेल, असा माझा अंदाज आहे आणि अंदाजाच्या बाबतीत मला थोडा सराव आहे.

दरवर्षीच्या गणनेसाठी परवानगीची एकच सोपी पद्धत ठरवावी : गटप्रमुखाचा एक अर्ज, सहभागींची यादी आणि आठ दिवसांत उत्तर. पिकात उतरणाऱ्या पक्ष्यांमुळे होणाऱ्या नुकसानीची नोंद घेण्याचे कामही याच निमित्ताने सुरू व्हावे, म्हणजे हरभऱ्याच्या शेतकऱ्याला आम्ही त्याच्या विरुद्ध बाजूला उभे आहोत असे वाटणार नाही.

जानेवारीच्या गणनेचा दिवस आम्ही पट्ट्यातल्या इतर तलावांवरच्या गटांशी बोलून ठरवला आहे आणि तो आपल्याला अर्जातून कळवलेला आहे. परवानगी त्याआधी मिळावी. त्या दिवशी आपल्या कार्यालयाचा एक प्रतिनिधी फुगवट्याच्या गटाबरोबर सकाळी सहा वाजता हजर राहावा, त्याने स्वतः मोजावे आणि मोजणी संपल्यावर पत्रकावर आमच्या सहीशेजारी आपली सही करावी. त्याच्यासाठी एक जादा दुर्बीण आणि शिसपेन्सिल आम्ही आणू.

आपली,
हिवाळी पक्षीगणनेतील एक स्वयंसेविका,
ता. खटाव, जि. सातारा.

प्रत माहितीसाठी : तलावाकाठच्या सर्व ग्रामपंचायती.